उताराचा अभ्यास

पाठीवर चार-आठ दिवसांचा शिधा, अंथरूण आणि पाणी घेऊन मुक्कामामागून मुक्काम करीत डोंगरवाटा तुडवू इच्छिणाऱ्या माणसाला प्रवासापूर्वी कशाची धास्ती वाटते असे विचारले, तर तो हटकून चढाचे नाव घेतो. चढावर दम लागतो, घाम निथळतो, छाती धडधडू लागते; श्रमाचे सारे माप तिथेच भरते आणि माथ्यावर पोचल्यानंतरचा उतार हा जणू बक्षिसादाखल पदरात पडतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत फुप्फुसांपुरती खरी आहे, पायांपुरती मात्र साफ खोटी आहे. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, पिंडऱ्या ठणकतात, बसल्या जागेवरून उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागतो, आणि ज्या प्रवासात त्याच दिवशी पुन्हा सॅक उचलून पाच-सहा कोस जायचे असते त्या प्रवासाची तिथेच वासलात लागते. या सर्व दुखण्याचे मूळ बहुतांशी आदल्या दिवशीच्या उतारात असते. म्हणून लांब पल्ल्याच्या पदभ्रमणाची तयारी ही मुख्यत्वेकरून उतरण्याची तयारी होय, असे प्रतिपादन करण्याचा या लेखाचा हेतू आहे.

या प्रतिपादनाला रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांइतकी सोयीची भूमी क्वचितच सापडेल. कर्जतचे स्थानक समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० फुटांवर आहे, तर त्याच तालुक्याच्या हद्दीत असलेले माथेरान सुमारे २,६०० फुटांवर. पूर्वेला राजमाचीपासून ढाकपर्यंत आणि तिथून भीमाशंकरच्या रानापर्यंत सह्याद्रीची सलग भिंत उभी आहे. तिच्या पायथ्याशी उल्हास आणि पाताळगंगा या नद्यांची भातखाचरांनी भरलेली सखल खोरी पसरलेली आहेत. कोकणातून देशावर जाणाऱ्या माणसाला इथे चढण्यावाचून आणि परतणाऱ्याला उतरण्यावाचून गत्यंतर नसते. कार्तिकात आळंदीला निघालेल्या कोकणातल्या दिंड्या खोपोलीवरून बोरघाट चढून जातात, चैत्रात एकवीरेच्या पालख्या याच वाटेने कार्ल्याकडे जातात, आणि सुट्टीच्या दिवशी मुंबईच्या पहिल्या लोकलने आलेली तरुण मंडळी नेरळ, कर्जत आणि खोपोली या स्थानकांवर सॅका सावरीत उतरतात. चढउताराचा इतका मोठा व्यवहार जिथे पिढ्यानपिढ्या चालत आला आहे, तिथे शरीराचा चढउताराशी काय संबंध असतो हे तपासून पाहणे उचित होय.

प्रथम बोरघाटातील लोहमार्गाकडेच पाहू. १८६३ साली खुल्या झालेल्या या मार्गाने सुमारे १६ मैलांत १,८०० फुटांहून अधिक उंची गाठली, आणि त्यातील सर्वांत अवघड चढ ३७ फुटांत १ फूट इतका आहे. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जत स्थानकात मागून जादा इंजिने जोडतात, आणि ती जोडली जाईपर्यंत उतारू फलाटावरचा गरम वडा घेऊन येतात, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु रेल्वेच्या अभियंत्यांना खरी चिंता होती ती उतरणाऱ्या गाडीची. चढणारी गाडी शक्ती कमी पडली तर फार तर उभी राहील. उतरणारी गाडी आवरली नाही तर दरीत जाईल. म्हणून घाटात ठिकठिकाणी रूळ एका चढत्या, आंधळ्या फाट्याकडे वळवून ठेवण्याची तजवीज केलेली आहे. उतरणाऱ्या गाडीने ठरल्या जागी थांबून आपला ब्रेक ताब्यात असल्याचे सिद्ध करावे आणि मगच तिला पुढची वाट मोकळी व्हावी, असा तो बंदोबस्त आहे. माणसाच्या मांडीचा पुढचा स्नायू उतारावर नेमके हेच ब्रेकाचे काम करतो, आणि ब्रेक झिजतात तसाच तोही झिजतो.

ही झीज कशी होते ते पाहण्यासारखे आहे. चढताना आपण पाय वरच्या दगडावर ठेवतो आणि गुडघा सरळ करीत शरीर वर उचलतो. त्या वेळी मांडीचा स्नायू जोर लावीत लावीत आखडत जातो. उतरताना खालच्या पायरीवर पाऊल टेकेपर्यंत सारे वजन मागच्या पायावर असते, त्याचा गुडघा हळूहळू वाकत असतो, आणि स्नायू त्या वाकण्याला विरोध करीत असतानाच नाइलाजाने लांबत जातो. लांबत असताना जोर लावण्याच्या या कामाला प्राणवायू थोडा लागतो, कारण त्यात मोजकेच तंतू कामाला लागतात. सौम्य उतारावर चालणे तर सपाटीवर चालण्यापेक्षाही स्वस्त पडते. परंतु जे मोजके तंतू कामाला लागलेले असतात त्यांच्या वाट्याला ओझे अधिक येते, आणि सूक्ष्मदर्शकातून पाहता त्यांच्यातील एकापुढे एक रचलेल्या कप्प्यांच्या सीमारेषा जागोजाग विस्कटलेल्या दिसतात. त्यानंतर दुरुस्तीचे काम सुरू होते, त्या भागात द्रव साठतो, किंचित सूज येते, तेथील वेदनावाहक मज्जातंतू हळवे होतात. आणि या साऱ्या खटाटोपाला वेळ लागत असल्यामुळे दुखणे उतार संपताक्षणी न येता १२ ते २४ तासांनी सुरू होते, पहिल्या दिवसापासून तिसऱ्या दिवसापर्यंत भरास येते आणि आठवड्याच्या आत ओसरते.

उशिरा येणाऱ्या या दुखण्याचे शास्त्रीय वर्णन थिओडोर हफ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९०२ सालीच केले होते, आणि स्नायूत कुठेतरी सूक्ष्म इजा होत असावी असे त्याचे अनुमान होते. मध्यंतरी मात्र लोकांच्या तोंडी दुसरेच कारण बसले: श्रमाने स्नायूत आम्ल साठते, ते निचरून गेले की अंग मोकळे होते, अशी ती उपपत्ती. व्यायामशाळेपासून न्हाव्याच्या दुकानातील मालिशवाल्यापर्यंत सर्वत्र ती अद्याप ऐकू येते. १९८३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने तिचा निकाल लावला. फिरत्या पट्ट्यावर काही जणांना सपाटीवर आणि काही जणांना उतारावर धावावयास लावले. सपाटीवर धावणाऱ्यांच्या रक्तातील ते आम्ल वाढले, परंतु पुढे त्यांचे पाय काही दुखले नाहीत. उतारावर धावणाऱ्यांच्या रक्तात ते वाढले नाही, आणि पाय मात्र त्यांचेच दुखले. शिवाय हे आम्ल श्रम थांबल्यानंतर तासा-दीड तासात रक्तातून नाहीसे होते. मग परवाच्या उताराची वेदना आज कशी राहावी? तेव्हा अंगदुखी म्हणजे अंगात साचलेला मळ नव्हे आणि तो पिळून काढण्याचा प्रश्नही उद्भवत नाही, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढे सांगितलेल्या उपचारांची योग्यता नीट पारखता येते.

या शास्त्राचा पडताळा पाहावयाचा असेल तर रविवारी राजमाची किंवा पेठचा किल्ला करून आलेल्या नवशिक्या मंडळींना मंगळवारी सकाळी एखाद्या स्थानकाच्या पादचारी पुलावर पाहावे. चढताना त्यांची चाल इतरांसारखीच असते. पण पुलाच्या दुसऱ्या टोकाला जिना उतरायची वेळ आली की ती कठड्याला धरून, अंग तिरके करून, एकेका पायरीवर दोन्ही पावले जुळवीत उतरू लागतात, आणि मागून लोकलसाठी धावत येणारी गर्दी त्यांच्यावर चरफडते. चढ ज्या स्नायूंनी केला तेच स्नायू आज चढायला राजी आहेत आणि उतरायला राजी नाहीत, हा विरोधाभास वरील विवेचनावाचून उलगडत नाही.

आता याच मुलखातील अशा लोकांकडे वळू की ज्यांना उतार हा रोजचा आहे. माथेरानात दस्तुरी नाक्यापलीकडे मोटारींना मनाई असल्यामुळे तिथला मालाचा आणि माणसांचा पुष्कळसा व्यवहार घोड्यांवर, हातरिक्षांवर आणि माणसांच्या अंगावर चालत आला आहे. डोंगराच्या कुशीतल्या ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्यांतून माणसे कामासाठी वर जातात आणि सांजेला उतरतात. मोळी घेऊन उतरणाऱ्या एखाद्या ठाकरीण बाईच्या चालीचे बारकाईने निरीक्षण करावे. डोक्यावर चुंबळ, तीवर मोळी, मान ताठ, नजर आठ-दहा हात पुढे. पाऊल इतके आखूड की एका पुरुषी ढांगेत तिची दोन पावले बसावीत. गुडघा कधी ताठ होत नाही, तो सदैव थोडा वाकलेला राहतो. टाच दगडावर आदळत नाही, सबंध तळवा एकदम टेकतो आणि टेकण्यापूर्वी क्षणभर दगड चाचपतो. उंच पायरी आली की ती सरळ उतरत नाही, बाजूच्या लहान दगडावर एक पाऊल खर्चून तिचे दोन भाग करते. वाटेत थांबते ती झाडाखालच्या उंचवट्याशी, जिथे मोळी वाकल्यावाचून टेकवता येते आणि पुन्हा उचलताना कुणाचा हात लागत नाही. हे कुणी तिला शिकवलेले नाही. लहानपणी रिकाम्या हाताने, मग हंडा घेऊन, मग मोळी घेऊन तीच वाट उतरता उतरता ते तिच्या पायांत उतरले आहे.

हा अभ्यास पायांच्या ठेवणीपुरताच मर्यादित नसतो. केनियातील लुओ आणि किकुयू जमातींच्या स्त्रियांवर केलेले आणि १९८६ साली प्रसिद्ध झालेले एक संशोधन असे सांगते की, आपल्या वजनाच्या एकपंचमांशापर्यंतचे ओझे डोक्याच्या आधाराने घेऊन सपाटीवर चालताना त्यांना रिकाम्या हाताने चालण्यापेक्षा जादा प्राणवायू लागत नाही. हे कसब बालपणापासून अंगी मुरवावे लागते. वयाच्या तिशीत हौस म्हणून डोक्यावर बोचके घेणाऱ्याला ते साधणार नाही, साधेल ती मानेची उसण. पण त्यातील मर्म शहरातल्या माणसालाही लागू आहे: ओझे आणि उतार यांची ओळख शरीराला थोडीथोडी, टप्प्याटप्प्याने करून द्यावी लागते. निसर्गाने त्यात एक सवलतही ठेवलेली आहे. एकदा उताराने दुखलेला स्नायू दुरुस्त होताना असा बांधला जातो की तेवढाच उतार पुन्हा केला असता तो फारच कमी दुखतो, आणि हे संरक्षण कित्येक आठवडे टिकते. पहिला उतार अगदी थोडा, दुखेल-न-दुखेल इतकाच असला तरीही हे संरक्षण बऱ्याच अंशी मिळते, ही त्यातील सर्वांत उपकारक गोष्ट आहे.

तयारीकडे वळण्यापूर्वी ओझ्याचा विचार करणे प्राप्त आहे, कारण उतारावर प्रत्येक जादा शेर मांडीलाच आवरावा लागतो. ओझ्याने माणसाची काय गत होते याचा धडा खालापूर तालुक्यातच इतिहासाने घालून दिलेला आहे. शाइस्तेखानाच्या हुकमावरून कोकणात उतरणारा कारतलबखान मोठा सरंजाम घेऊन लोणावळ्याच्या बाजूने घाटाखाली आला आणि २ फेब्रुवारी १६६१ रोजी चावणी गावाजवळच्या उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्याला गाठले. अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दाट रान, सामानसुमानाने जडावलेले आणि तहानेने व्याकुळ झालेले सैन्य पुढेही सरेना आणि मागेही वळेना. अखेर सगळे सामान तिथेच टाकून जीव घेऊन परतण्याची परवानगी खानाला मागावी लागली. पदभ्रमण करणाऱ्याने सामानाची यादी करताना या प्रसंगाचे स्मरण ठेवावे. पाण्यासह एकूण ओझे आपल्या वजनाच्या एकपंचमांशाच्या आत राहिले तर उत्तम, एकचतुर्थांशाच्या पलीकडे जाऊ देऊ नये. दिंडीतल्या वारकऱ्याने हा प्रश्न केव्हाच सोडवलेला आहे: त्याचा बाडबिस्तरा टेम्पोत असतो, अंगावर असते ती शबनम आणि हातात टाळ.

ओझे किती याइतकेच ते कुठे हेही महत्त्वाचे आहे. सॅकेचा कमरपट्टा नितंबाच्या हाडांच्या वरच्या कडेवर घट्ट बसला पाहिजे, म्हणजे भाराचा मोठा हिस्सा सांगाड्यावरून थेट पायांत जातो आणि खांद्यावर राहतो तो केवळ तोल सावरण्यापुरता. पट्टा ढिला सोडला की सारे वजन खांद्यावर लटकते. मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू दिवसभर आखडून राहतो, काखेकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवर दाब येतो आणि संध्याकाळी हाताच्या बोटांना मुंग्या येतात. जड वस्तू पाठीला लागून, खवाट्यांच्या पातळीला ठेवाव्या. हलक्या वस्तू तळाशी आणि बाहेर. पायांतील वजनाबाबत तर अधिकच कृपण असावे, कारण प्रयोगांती असे आढळले आहे की बुटात वाढलेला एक किलो पाठीवरच्या चार ते सहा किलोंइतका महाग पडतो. हातात काठी अवश्य असावी. धनगर आणि गुराखी ती विनाकारण बाळगीत नाहीत. उतारावर काठी आधी खाली टेकवून मग पाऊल टाकल्यास गुडघ्यावरचा आघात लक्षात येण्याइतका कमी होतो.

आता प्रत्यक्ष तयारी. तिला आठ आठवड्यांची मुदत द्यावी आणि ती कोजागिरीनंतर सुरू करावी, म्हणजे वाटा सुकलेल्या असतात आणि थंडी तोंडावर असते. पहिल्या पंधरवड्यात डोंगराच्या वाटेला जाऊ नये. रोज पाऊण ते एक तास सपाटीवर झपझप चालावे, आणि एक दिवसाआड घरच्या जिन्यावर उतरण्याचा धडा गिरवावा: एका पायावर पायरीच्या कडेशी उभे राहून दुसऱ्या पायाची टाच मनात चार अंक मोजीत खालच्या पायरीला हलकेच टेकवावी आणि पुन्हा वर यावे, प्रत्येक पायाने दहा वेळा, थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा दहा वेळा. जोडीला बैठका काढाव्या, पण खाली जाताना वर येण्याच्या दुप्पट वेळ घ्यावा. सूर्यनमस्काराचा पाठ ज्यांच्या घरी आहे त्यांनी तो चालू ठेवावा, पाठीच्या आणि पोटाच्या स्नायूंना त्याचा लाभ होतो. तथापि केवळ नमस्कारांनी उताराची तयारी होईल अशा भ्रमात राहू नये. वाग्भटाने बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसालाही हिवाळ्यात आणि वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करण्यास सांगितले आहे. आठ आठवड्यांचा हा क्रमही त्याच धोरणाने आखलेला आहे.

तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात सॅकेत ठरलेल्या ओझ्याच्या निम्मे वजन घालून पेठचा किल्ला, म्हणजे कोथळीगड, करावा. आंबिवलीहून पेठ गावापर्यंतची वाट रुंद आणि सौम्य आहे, आणि त्यावरच्या सुळक्याच्या पोटात खोदलेल्या पायऱ्या उंच आणि ओबडधोबड असल्यामुळे उताराची मात्रा मोजून घ्यायला त्या फार उपयोगी पडतात. त्या बेताने, गुडघा वाकवून, आखूड पावलांनी उतराव्या. पाचव्या आणि सहाव्या आठवड्यात ओझे तीनचतुर्थांश करावे आणि कोंदिवड्याहून इसवी सनापूर्वी खोदलेल्या कोंडाणे लेण्यांवरून राजमाचीला जावे, उधेवाडीत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने परत यावे. किंवा नेरळहून माथेरान चढून-उतरून यावे. इथे लागोपाठ दोन दिवस चालण्याचा सराव हा मुख्य उद्देश आहे, कारण एका दिवसाची सहल आणि लांबचा प्रवास यांतला भेद दुसऱ्या दिवशीच्या सकाळीच कळतो. सातव्या आठवड्याच्या आरंभी पूर्ण ओझ्यानिशी खांडसहून गणेशघाटाने भीमाशंकर गाठावे, रात्री राहून दुसऱ्या दिवशी त्याच घाटाने उतरावे. शिडीघाट जवळचा असला तरी तिथे शिड्या आणि कडे आहेत, आणि ढाकच्या बहिरीची वाट तर कातळातली. पाठीवर जड सॅक असताना या दोहोंच्या वाटेस जाऊ नये. त्यानंतरचे दहा-बारा दिवस मोठा उतार पूर्णपणे वर्ज्य करावा, हलके चालावे आणि भरपूर झोपावे. प्रस्थानाच्या आदल्या रविवारी शेवटची परीक्षा म्हणून एखादा गड मारून येणारे लोक पुष्कळ असतात; ते दुरुस्ती अर्धवट असलेले पाय घेऊन प्रवासाला निघतात.

वेळेचा अंदाज बांधण्यासाठी स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथने १८९२ साली दिलेला ठोकताळा आजही कामाला येतो: दर ३ मैलांना एक तास, आणि चढाच्या दर २,००० फुटांना आणखी एक तास. मौज अशी की उताराचा जादा वेळ त्याने हिशेबात धरलाच नाही. आमच्या घाटांच्या सुट्या मुरुमावरून ओझ्यासह उतरताना जवळजवळ चढाइतकाच वेळ लागतो असे धरून चालावे, म्हणजे अंधार पडण्याच्या भीतीने धावत उतरण्याची पाळी येत नाही; आणि गुडघे जातात ते बहुधा अशा धावपळीतच. पावसाळ्यात या तालुक्यांत तयारीसाठी येऊच नये, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. धबधब्यांच्या आणि धरणांच्या परिसरात जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई हुकूम निघतात ते निष्कारण नव्हे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळून झोपलेली माणसे गाडली गेली, हे इथल्या लोकांच्या मनात अजून ताजे आहे.

पाणी आणि मीठ यांचा उल्लेख इथेच करावा लागतो, कारण पायांत गोळे येणे ही तक्रार कोकणात अधिक ऐकू येते. इथली हवा दमट, त्यामुळे घाम येतो पण वाळत नाही. अंग थंड होण्याचा त्याचा उद्देश सफळ होत नाही आणि पाणी व मीठ मात्र जात राहते. थकलेल्या स्नायूवरील मज्जातंतूंचा ताबा सुटणे हेही गोळ्यांचे एक कारण मानतात, म्हणून गोळा आला असता थांबून तो स्नायू सावकाश ताणून धरणे हा तात्काळ उपाय होय. पाणी तहानेप्रमाणे, थोडे थोडे प्यावे. नुसते पाणी बळेच ढोसल्याने रक्तातील मिठाचे प्रमाण उतरते आणि तेही घातक ठरते. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने हजारो जीव वाचवले, तेच साधन पदयात्रिकाच्याही उपयोगी पडते: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ घातलेले कोकम सरबत, ताक किंवा वाडीवर मिळालेली तांदळाची पेज हीही त्याच जातीची पेये आहेत.

एवढे करूनही अंग थोडेफार दुखणारच. त्यावरचे उपाय पुष्कळ सांगितले जातात आणि त्यांतील बहुतेकांचा गुण माफक असतो. सर्वांत गुणकारी उपाय सर्वांत साधा आहे: हालचाल. मुक्कामाला पोचताच सॅक टाकून आडवे होण्याऐवजी दहा मिनिटे रिकाम्या अंगाने फिरावे, आणि दुसऱ्या दिवशी पहिला अर्धा तास मंद गतीने चालावे. स्नायू तापला की वेदना बरीच दबते. तेल लावून चोळल्याने ठणका काहीसा कमी होतो हे प्रयोगांतही दिसून आले आहे. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांचे पाय चोळून देणारी माणसे सेवा म्हणून उभी असतात, आणि तळपायांना तेल जिरवण्याचा आयुर्वेदाने विशेष आग्रह धरलेला आहे. मात्र चोळणे हलक्या हाताचे असावे; पायाखाली तुडवून ‘गाठी फोडणारा’ मालिशवाला सुजलेल्या स्नायूला नवी इजा करतो. ऊन पाण्याचा शेक सुखावह असतो. या भागातील वाड्यांतून निर्गुंडीचा पाला पाण्यात उकळून त्याने शेकण्याची पद्धत आहे, तिनेही आराम वाटतो. चालण्यापूर्वी किंवा नंतर अंगाला ताण दिल्याने दुसऱ्या दिवशीची अंगदुखी टळते असे मानतात. परंतु पुष्कळ प्रयोगांचा एकत्र विचार करता त्याचा परिणाम जवळजवळ नाहीच असे आढळते. ताण देण्याने बरे वाटत असेल तर द्यावा, भरवसा मात्र ठेवू नये.

दुरुस्तीला लागणारे साहित्य अन्नातून येते. रात्रीच्या जेवणात भाताबरोबर दाट वरण, पिठले, मसुराची किंवा चवळीची उसळ, अंडी, सुकट यांपैकी काहीतरी भरपूर असावे. नुसत्या बिस्किटांवर आणि चहावर दिवस काढणाऱ्याचे पाय चौथ्या दिवशी तक्रार करतात. झोपेत कसर करू नये. वेदनाशामक गोळ्या हाताशी असल्या तरी त्या घेऊन चालत सुटणे गैर आहे: त्यांतील काही गोळ्या, अंगातले पाणी कमी झालेले असताना, मूत्रपिंडांना अपाय करतात, आणि दुखणे झाकले गेल्यामुळे माणूस इजेवर इजा करीत राहतो. पावलांची निगा वेगळी. फोड येतो तो ओलसर कातडीच्या घर्षणाने, म्हणून ओढा ओलांडला की मोजे बदलावे आणि जिथे चुरचुर सुरू होईल तिथे फोड येण्यापूर्वीच चिकटपट्टी लावावी. उतारापूर्वी नखे कापलेली आणि बुटाची नाडी घोट्यापाशी आवळलेली असावी, नाहीतर पाऊल पुढे सरकून अंगठ्याची नखे काळीनिळी पडतात.

आता कोणते दुखणे साधे नव्हे, हे सांगणे अवश्य आहे. उताराची अंगदुखी दोन्ही पायांत सारखी असते, पसरट असते, दाबल्याने वाढते आणि चालू लागल्यावर कमी होते. याउलट हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशी एकाच बिंदूतली कळ, चालण्याबरोबर वाढत जाणारी. गुडघा सुजून अडकणे. एकाच पिंडरीला आलेली गरम सूज. पाठीतून पायात उतरणारी चमक. ही लक्षणे थांबण्याचा इशारा समजावीत. लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला तर स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणावर फुटून त्यांचा अंश मूत्रपिंडांत जात आहे असे समजावे, आणि उन्हात चालताना एखाद्याचे बोलणे बरळल्यासारखे होऊन अंग तापले तर तो उष्माघात होय. या दोन प्रसंगी घरगुती उपचारांत क्षणही न दवडता, उष्माघात झालेल्याला सावलीत आणून अंगावर पाणी ओतीत, तालुक्याच्या रुग्णालयाची वाट धरावी.

शेवटी तयारी टिकवण्याविषयी. मोठ्या प्रवासाहून परतल्यावर बहुतेक जण सॅक माळ्यावर टाकतात आणि वर्षाने पुन्हा पहिल्या दिवसापासून दुखणे भोगतात. उताराची विद्या पायांना आठवण करून दिल्यावाचून टिकत नाही, पण त्यांना आठवण फार थोडी पुरते: महिन्यातून एखादा गड माफक ओझ्यासह शांतपणे उतरावा, आणि तेही न जमल्यास आठवड्यातून दोनदा कचेरीचे चार मजले लिफ्ट सोडून जिन्याने उतरावे. चढताना लिफ्ट घेतली तरी हरकत नाही.